अप्पा हुलवळ्यांचा गौप्यस्फोट

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याची शपथ. मी स्वतः त्या मांडवात तिसऱ्या रांगेत बसलो होतो. म्हणजे रांगा नव्हत्याच, सतरंज्या होत्या. आणि मी बसलोही नव्हतो, कारण त्या दिवशी मी परगावी होतो. पण ज्यानं मला सांगितली तो बसला होता, आणि तो माणूस जन्मात खोटं बोलला नाही. एकदाच बोलला, ते ही गोष्ट सांगताना. तर ऐका.

शेवरवाडी नावाच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. चाळिशीला आलेला, अंगानं धडधाकट, स्वभावानं गाय. देवानं त्याला एकच गोष्ट भरभरून दिली होती, ती म्हणजे हस्ताक्षर. असं अक्षर, की त्यानं रेशन दुकानावर ‘साखर संपली’ लिहिलं तरी लोक थांबून बघायचे आणि खूश होऊन रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जायचे. अक्षर इतकं सुंदर, की त्यात लिहिलेलं चूक असेल अशी शंकाच कुणाला यायची नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

त्याच गावात अप्पा हुलवळे होते. अप्पांनी चाळीस वर्षं सोयरिकी जुळवल्या. पंचक्रोशीत तीनशेबारा लग्नं त्यांनी लावून दिली. त्यातली दोनशे तरी खोटं बोलून. लग्नात सत्काराची वेळ आली की माइकवरून पहिलं नाव पुकारायचे ते अप्पांचं, आणि पहिला फेटा बांधायचे तो अप्पांना. वरबाप थांबायचा, मामा थांबायचे, आमदार आला तर आमदार थांबायचा.

मग तालुक्याला वधू-वर सूचक मंडळ निघालं. फायली आल्या, फायलींत फोटो आले. अप्पांना कुणी विचारीना. लागोपाठ तीन लग्नांत तर त्यांचं नावच पुकारलं नाही. चौथ्या लग्नात पुकारलं, पण ते दुसऱ्या हुलवळ्यांचं होतं. अप्पा उठून निम्म्या वाटेपर्यंत गेले होते. तिथून परत येऊन बसावं लागलं. त्या दिवसापासून अप्पांना घास गोड लागेना.

आणि एके दिवशी न्हाव्याच्या दुकानात अप्पांनी पेपर वाचला. कुणी एक निवृत्त साहेब आपल्या आठवणी लिहीत होता. त्यात म्हणे मोठमोठ्यांची अंडीपिल्ली बाहेर येणार होती. पुस्तक छापूनसुद्धा झालं नव्हतं, आणि भलीभली माणसं त्या साहेबाच्या दारात हात जोडून उभी होती. वर ठळक मथळा होता: खळबळजनक गौप्यस्फोट.

अप्पांनी पेपराची घडी घातली.

“मीही लिहितोय,” ते म्हणाले.

“काय?” न्हाव्यानं विचारलं.

“आठवणी.”

“कसल्या?”

“गौप्यस्फोटाच्या.”

न्हाव्याचा वस्तरा जागीच थांबला. खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक एका गालाचा साबण तसाच घेऊन उठलं आणि घरी गेलं, बायकोला सांगायला.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दारात एकानं दुधाची चरवी आणून ठेवली. दुसऱ्यानं भोपळा आणला. तिसरा नुसताच आला, “अप्पा, तब्येत बरी ना?” म्हणाला आणि बराच वेळ हसत उभा राहिला. अप्पांनी ओळखलं, औषध लागू पडलंय. आता मात्र खरंच काहीतरी लिहिलेलं दिसायला हवं होतं. अप्पांचा हात थरथरायचा. म्हणून त्यांनी सखाहरीला बोलावलं.

“सख्या, माझं पुस्तक लिहायचं.”

“लिहू की. कसलं पुस्तक, अप्पा?”

“गौप्यस्फोट.”

“ते काय असतं?”

“आजवर जे झाकून ठेवलं ते उघड करायचं. मी बोलत जाईन, तू लिहीत जा. माझ्या तोंडातून निघेल तो शब्द न् शब्द उतरला पाहिजे.”

“समजलं,” सखाहरी म्हणाला, आणि वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं: शब्द न् शब्द.

अप्पा ओट्यावर बसून दोन तास बोलले. मग चष्मा लावून त्यांनी वही वाचायला घेतली. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं:

‘माझा जन्म शेवरवाडीत हाड हाड झाला. माझे वडील अगं दूध उतू चाललंय फार शांत माणूस होते. त्यांनी मला लहानपणीच शिकवलं की माणसानं नेहमी जरा पाठ खाजव रे इथं नाही वर अजून वर हां खरं बोलावं.’

“हे काय?” अप्पा ओरडले.

“शब्द न् शब्द.”

“अरे येड्या, मी कुत्र्याला हाकलत होतो! कामाचं नाही ते गाळायचं. कामाचं तेवढंच ठेवायचं.”

“समजलं,” सखाहरी म्हणाला, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: कामाचं नाही ते गाळायचं.

अप्पांची बायको यमुनाकाकी. तिनं आतून हाक मारली, “सखाहरीभाऊ, लिहायला बसलाच आहेस तर माझ्या गोदाला एक कार्ड लिही.” गोदा म्हणजे तिची धाकटी बहीण. काकीनं सांगितलं, लिही: इकडे पाऊस बरा आहे, माझे गुडघे दुखतात, तांबडी गाय व्याली, कालवड झाली, लोणचं यंदा खारट झालं, पुढच्या महिन्यात सवड काढून ये, काळजी करू नको.

सखाहरी विचार करत बसला. पाऊस पडला तो पडला, त्याचं तिला काय काम? गुडघे काकीचे, तिच्या कामाचे नाहीत. कालवड इथली. लोणचं खारट, तर ती तिथून काय करणार? सवड तिची तिला माहीत. त्यानं एक एक गाळत आणलं आणि जे कामाचं उरलं ते कार्डाच्या मधोमध लिहिलं: ‘ये.’

तिसऱ्या दिवशी एसटीतून गोदामावशी उतरली ती फाट्यापासून रडतच. मागं नवरा, दीर, जाऊ आणि दोन म्हाताऱ्या. “दाजी, असं कसं केलंत हो! निरोप न घेता कसे गेलात!” करत सगळी मिरवणूक अंगणात आली. अप्पा ओट्यावर चहात बुडवून बटर खात होते.

गोदामावशीनं डोळे पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, “दाजी, तुम्ही तर बसलाय.”

“मग काय करू?” अप्पा म्हणाले.

खुलासा झाल्यावर गोदामावशीनं सखाहरीला समोर उभं केलं. “मेल्या, असं कार्ड लिहितात? माझी जाऊ फाट्यावर दोनदा चक्कर येऊन पडली. अरे, माणसाबद्दल लिहायचं तर पुरतं लिहावं. कोण, कुणाचा, राहतो कुठं, घरची माणसं कशी आहेत, सगळं यायला हवं.”

“समजलं,” सखाहरी म्हणाला, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: कोण, कुणाचा, कुठला, घरची खुशाली.

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा सांगायला बसले. आता त्यांना रंग चढला होता. आवाज बारीक करून म्हणाले, “लिही. वरच्या आळीत एक घर आहे. त्या घरात एक बाई आहे. तिच्या लग्नात मी तिचं वय सहा वर्षांनी कमी सांगितलं होतं. ती बाई कोण, हे मी सांगणार नाही.”

सखाहरीनं लिहिलं: ‘वरच्या आळीत मारुतीच्या देवळाला लागून राहणाऱ्या शेवंताबाई सोपान ढेबे यांच्या लग्नात मी त्यांचं वय सहा वर्षांनी कमी सांगितलं. घरी सर्व खुशाल. थोरल्याला खोकला आहे.’

अप्पांनी वाचलं आणि डोक्याला हात लावला.

“अरे, नाव कशाला घातलंस? मी सांगणार नाही म्हणालो ना?”

“तुम्ही नाही सांगितलं, अप्पा. मला माहीत होतं. त्यांच्या पोरांच्या बारशाच्या पत्रिका मीच लिहिल्यात.”

“नीट ऐक,” अप्पा म्हणाले. “गौप्यस्फोटात नाव घालायचं नसतं. नावाच्या जागी टिंबं द्यायची. लोकांनी ओळखायचं. त्यातच खरी मजा. नाव घातलं तर एकच बाई भिते. टिंबं घातली तर वरच्या आळीतल्या साऱ्या बाया भितात. आणि खाली एक ओळ घालायची: यातील व्यक्ती काल्पनिक आहेत, कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.”

“ती कशाला?”

“ती वाचली की लोकांची खात्री पटते, की सगळं खरं आहे.”

“समजलं,” सखाहरी म्हणाला, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: नावाला टिंबं, खाली काल्पनिक.

आता त्याच आठवड्यात झालं असं, की सरपंच दौलतरावांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी विजया. मुलगा दुसऱ्या तालुक्यातला, नाव उत्तम, मोठ्या बागायतदाराचा. पत्रिका अर्थातच सखाहरीनं लिहून द्यायची, मग ती छापखान्यात जायची. सरपंचांनी माहिती दिली. सखाहरीनं एकदा पुठ्ठा बघितला आणि लिहायला बसला. छापखान्याच्या माणसानं ते अक्षर बघितलं, मान डोलावली आणि होतं तसं पाचशे प्रतींत छापलं. वाटणारी माणसं चार दिशांना गेली.

चौथ्या दिवशी सरपंचांचे व्याही एकनाथराव जीप घेऊन आले. चहा घेतला नाही. पाणी घेतलं नाही.

“पत्रिका मिळाली,” ते म्हणाले.

“बरी झालीय ना?” दौलतराव म्हणाले. “अक्षर बघितलंत? आमच्या सखाहरीचं.”

“अक्षर चांगलं आहे. माझा मुलगा काल्पनिक आहे का, एवढंच विचारायला आलोय.”

दौलतरावांनी पत्रिका उघडली. लिहिलं होतं: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. ….. हिचा शुभविवाह श्री. ….. यांचे ज्येष्ठ चिरंजीव ….. यांचेशी करण्याचे योजिले आहे. तरी सहकुटुंब येऊन ओळखावे.’ आणि तळाला: ‘यातील वधू, वर व त्यांचे मातापिता काल्पनिक असून कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. जेवण अकरा वाजता.’

“मुलाचं एक वेळ सोडा,” एकनाथराव म्हणाले. “मीही काल्पनिक? साठ वर्षं झाली, मला कुणी असं बोललं नव्हतं.”

दौलतरावांनी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. नव्या पत्रिका छापतो म्हणाले, स्वतः येऊन देतो म्हणाले, कशीबशी जीप परत पाठवली. मग सखाहरीला बोलावलं.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“अप्पांनी.”

दौलतरावांचा चेहरा पांढरा पडला. त्याला कारण होतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची सोयरीकही अप्पांनीच जुळवली होती. दौलतराव तेव्हा दिसायला असे तसेच. म्हणून मुलगी बघायला अप्पांनी दौलतरावांचा देखणा चुलतभाऊ नेऊन बसवला. मुलगी हो म्हणाली. लग्नात मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, आणि समोर दौलतराव! व्याह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि एकनाथराव असे चिकित्सक, की बाजारात काकडीसुद्धा कापून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. हे कळलं असतं तर त्यांनी मुलीकडची सारी बोलणीच खोटी धरली असती आणि वरात फाट्यावरून परत नेली असती.

म्हणजे ही पत्रिका चूक नव्हतीच, दौलतरावांच्या मनानं घेतलं. हा अप्पांचा इशारा होता. आज टिंबं दिलीत, उद्या नावं देईन!

त्यांनी आधी सखाहरीवर राग काढला. “पुन्हा जर काही लिहिलंस तर ज्याचं आहे त्याला आधी वाचून दाखवायचं. बरोबर आहे का विचारायचं. त्याची सही घ्यायची. मगच पुढं!”

“समजलं,” सखाहरी म्हणाला, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: वाचून दाखवा, सही घ्या.

मग दौलतराव नारळ घेऊन अप्पांच्या घरी गेले. “अप्पा, चुकलं आमचं. विजयाच्या लग्नात पहिला फेटा तुमचा. एकनाथरावांच्याही आधी. दोन हजार माणसांसमोर. पण तेवढं अंतरपाटाचं...”

पत्रिकेचं अप्पांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळं काही म्हणता काही कळलं नाही. पण चाळीस वर्षं सोयरिकी जुळवलेला माणूस. समोरचा घाबरलेला असला की का घाबरला हे विचारायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. ते नुसते डोळे मिटून “हं” म्हणाले. दौलतराव गेल्यावर ते आत गेले आणि यमुनाकाकीला म्हणाले, “माझा पांढरा सदरा काढ. नीळ घाल.” आणि काकीनं बघितलं, तर म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले होते. तीन वर्षांत त्या डोक्याला फेटा लागला नव्हता.

इकडे सखाहरी वही काखेत मारून निघाला. पहिलं घर शेवंताबाईंचं. त्या अंगणात मिरच्या निवडत होत्या.

“शेवंताकाकू, तुमच्या लग्नात तुमचं वय सहा वर्षांनी कमी सांगितलं असं अप्पांच्या पुस्तकात आहे. बरोबर असेल तर सही करा.”

“सहा?” शेवंताबाई म्हणाल्या. “आठ. नीट लिही. आणि अंगठा करते, शाई आणलीस का?”

दुसरं घर ज्ञानू लव्ह्याचं. सखाहरीनं वाचून दाखवलं: मुलीकडचे बघायला येणार म्हणून अप्पांनी शेजारच्या हरबाच्या चार म्हशी ज्ञानूच्या गोठ्यात आणून बांधल्या होत्या.

“बरोबर,” ज्ञानू म्हणाला. “पण पुढचं राहिलं. लग्नानंतर हरबा म्हशी सोडवायला आला, तर माझ्या बायकोनं त्याला चोर समजून दांडक्यानं बडवला. महिनाभर म्हशी आमच्याकडेच होत्या. ते घाल.”

“घालतो. सही करा.”

“करतो. पण सख्या, याला गौप्यस्फोट म्हणत नाहीत बरं का. हे तर अख्ख्या गावाला माहीत आहे. हरबा अजून लंगडतो.”

“मग गौप्यस्फोट कशाला म्हणतात?”

ज्ञानू विडी विझवून म्हणाला, “जे कुणाला म्हणजे कुणालाच ठाऊक नाही, ते चार माणसांत सांगायचं. त्याला गौप्यस्फोट म्हणतात. ठाऊक असलेलं सांगितलं तर त्या नुसत्या गप्पा.”

“समजलं,” सखाहरी म्हणाला. पुठ्ठ्यावर जागा कमी उरली होती. बारीक अक्षरात लिहिलं: कुणालाच ठाऊक नाही तेच.

तिसरं घर सरपंचांचं. दौलतराव नव्या पत्रिका आणायला गेले होते. घरात त्यांची बायको ताराक्का होती. अंतरपाटाचं ऐकून ती पोट धरधरून हसली. “अरे, हे शेवरवाडीतल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. हार हातात, समोर हे ध्यान! मी म्हटलं, आता परत कुठं जायचं, जेवणं तयार आहेत. घातला हार.”

“म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक?”

“सगळ्यांना.”

“मग हे गौप्य नाही,” सखाहरी म्हणाला, आणि ते प्रकरण सुबक रेघ मारून खोडलं.

संध्याकाळ व्हायच्या आत अप्पांच्या कानावर गेलं, की सखाहरी वही घेऊन दारोदार फिरतोय. त्यांनी त्याला ओढतच घरी आणलं. दाराला कडी लावली.

“वही दाखवलीस?”

“सहीसाठी.”

अप्पा मटकन खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “सख्या, तू चांगला माणूस आहेस. म्हणून तुला एक सांगतो. गौप्यस्फोट करायचा नसतो. होणार, होणार, असं म्हणत राहायचं असतं. केला की संपला. मग मला कोण भिणार? कोण फेटा बांधणार? अरे, हे पुस्तक मी छापणारच नाहीये. एक पानसुद्धा नाही. ही वही फक्त काखेत धरून फिरायला आहे.”

“छापणारच नाही?”

“नाही. आणि हे फक्त तुला आणि मला ठाऊक. यमुनेला नाही, देवाला नाही.”

“म्हणजे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही?”

“कुणालाच नाही.”

सखाहरीनं एकदा पुठ्ठ्याकडे बघितलं, एकदा अप्पांकडे. त्याचा चेहरा असा उजळला, जसा विहिरीला पाणी लागल्यावर खणणाऱ्याचा उजळतो.

“समजलं,” तो म्हणाला.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरून वाहत होता. ज्यांच्या घरी वही गेली नव्हती ते तर अप्पांना बघून जास्तच वाकत होते. नवरदेव बोहल्याशी आला होता, मुहूर्ताला अजून अर्धा तास होता, म्हणून सत्कार सुरू झाले. माइकवर मास्तर होते. त्यांनी घसा साफ केला आणि पुकारलं, “पहिला फेटा... तीनशेबारा संसार उभे करणारे... आदरणीय अप्पा हुलवळे!”

अप्पा उठले. निळीचा सदरा, ताठ मान. चालत मंचावर गेले. खुर्चीत बसले. फेटेवाल्यानं केशरी फेट्याची घडी सोडली, एक टोक अप्पांच्या दातांत धरायला दिलं आणि पहिला वेढा घातला. यमुनाकाकी बायकांत बसली होती, तिनं पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात पाहुण्यांच्या बैठकीतून एकनाथराव म्हणाले, “अप्पा, तुमच्या पुस्तकाची हवा आमच्या तालुक्यापर्यंत आलीय. एखादा मासला ऐकवा की! एकच गौप्यस्फोट!”

मांडवात हशा पिकला. दौलतराव हसले नाहीत. अप्पांना बोलायचं होतं, पण दातांत फेटा. तोंड उघडलं तर फेटा सुटतो. “अप्पांचा लेखनिक इथंच आहे,” मास्तर म्हणाले, आणि माइक सखाहरीच्या हातात दिला.

सखाहरीनं माइक घट्ट धरला.

“मंडळी,” तो म्हणाला, “माझ्या वहीत पुष्कळ आहे, पण ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ते सांगत नाही. गौप्यस्फोट म्हणजे जे कुणालाच ठाऊक नाही ते. असं एकच आहे.”

फेटेवाल्याचे तीन वेढे झाले होते. अप्पा दातांतून “ऊं! ऊं!” करत होते. लोकांना वाटलं, होकार देतायत.

“अप्पांचं पुस्तक निघणार नाही,” सखाहरी म्हणाला. “एक पानसुद्धा छापायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. तुम्ही भ्यावं आणि फेटा बांधावा, एवढ्यासाठी वही आहे. हे फक्त अप्पांना आणि मला ठाऊक होतं. आता तुम्हाला.”

दोन हजार माणसांत कुणी शिंकलंसुद्धा नाही. मग ज्ञानू लव्हे ओरडला, “याला म्हणतात गौप्यस्फोट!” आणि जो हशा उसळला, त्यानं मांडवाचा एक खांब हलला. दौलतरावांच्या छातीवरून जणू जातं उतरलं. ते मंचावर गेले आणि फेटेवाल्याला म्हणाले, “सोड तो.” फेटेवाला उलटे वेढे सोडायला लागला. एक सुटला. दोन सुटले. अप्पांनी दातांतलं टोक मात्र सोडलं नाही. इकडून फेटेवाला ओढतोय, तिकडून अप्पा.

लोक टाळ्या वाजवत होते. सखाहरीला वाटलं, आपल्यासाठीच वाजवतायत. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काहीतरी बरोबर आलं होतं. तो दिलदार झाला.

“तसं सरपंचांच्या लग्नातल्या अंतरपाटाचंही एक आहे,” तो माइकवर म्हणाला. “पण ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सांगत नाही.”

दौलतराव जागीच गोठले.

एकनाथराव बैठकीवरून उठून उभे राहिले. “आम्हाला नाही ठाऊक,” ते म्हणाले.

“नाही?” सखाहरी म्हणाला. “मग सांगतो.”

आणि त्यानं सांगितलं. कोण, कुणाचा, कुठला, घरच्या खुशालीसकट.

लग्न लागलं, ते दोन तास उशिरा. एकनाथरावांनी मुलीला आधी बाहेर बोलावून घेतलं, साखरपुड्याचा फोटो मागवला, तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, उन्हात नेऊन बघितला, आणि मगच भटजींना “होऊ द्या” म्हणाले. विजयानंही मग नवरदेवाचा फोटो मागवला. अप्पा तसेच, एका वेढ्याचा फेटा डोक्यावर आणि उरलेला खांद्यावर घेऊन, न जेवता मांडवातून निघून गेले, ते पुन्हा कुणाच्या लग्नात दिसले नाहीत.

आता यातला रचलेला भाग सांगून टाकतो, नाहीतर मला झोप लागायची नाही. अप्पा निघून गेले, ते मी रचलं. गोष्टीला जरा वजन यावं म्हणून. अप्पा कुठंही गेले नाहीत. तशाच एका वेढ्याच्या फेट्यानं ते पहिल्या पंगतीला बसले. वाढपी दोन जिलब्या वाढून पुढं निघाला, तर त्याचं धोतर धरून म्हणाले, “थांब. तुझ्या सोयरिकीचं अजून कुणालाच ठाऊक नाही.”

वाढप्यानं परात तिथंच ठेवली.